कॉन्टॅक्ट लेन्स लावावी का? आधी चष्मा दाखवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी 24 वर्षांची, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी, दिवसाचे नऊ-दहा तास स्क्रीनसमोर, जाणं-येणं स्कूटरवर. उजव्या डोळ्याचा नंबर -7.00, डाव्याचा -3.50. तिला कॉन्टॅक्ट लेन्स हव्या आहेत. घरात दोन तट पडलेत: मावशी म्हणते लेन्सने डोळे जातात, मैत्रिणी म्हणतात चष्मा कायमचा विसर. आईने विचारलंय की खरे फायदे-तोटे काय, आणि रोज फेकायच्या लेन्स घ्याव्यात की महिन्याच्या.

ताई, तुमच्या मुलीच्या नंबरला लेन्स चांगली, असं माझं स्पष्ट मत आहे. पण माझ्याकडे लेन्स मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी एक गोष्ट दाखवायला सांगते: आत्ताच्या नंबरचा, घालून ऑफिसला जाता येईल असा चष्मा. तो नसेल तर आधी चष्मा करून घ्या, लेन्सचं नंतर बघू. लोकांना वाटतं मी दुहेरी विक्री करतेय. कारण पुढे सांगते, तोवर थोडा धीर धरा.

आधी तिच्या नंबरबद्दल. दोन डोळ्यांत साडेतीन नंबरांचा फरक आहे, आणि चष्म्याची खरी अडचण इथेच आहे. मायनसची काच वस्तू लहान दाखवते. काच डोळ्यापासून साधारण 12 मिलिमीटर लांब असते, त्यामुळे नंबर जितका जास्त तितकं चित्र लहान. म्हणजे तिच्या उजव्या डोळ्याला जे चित्र मिळतं ते डाव्यापेक्षा लहान, आणि दोन्ही एकावर एक बसवायचं काम मेंदूचं. शिवाय ती काचेच्या मधोमध न बघता खालच्या भागातून बघते तेव्हा, म्हणजे जिना उतरताना किंवा ताटात बघताना, दोन काचा नजर वेगवेगळ्या प्रमाणात वळवतात. असे लोक मग नकळत मान खाली घालून, काचेच्या मध्यातूनच बघायला शिकतात. कित्येकांच्या चष्म्यात जास्त नंबरच्या डोळ्याला मुद्दाम कमी नंबर दिलेला असतो, कारण पूर्ण नंबर 'सोसत नाही'. मग वर्षानुवर्षं एकाच डोळ्याने काम चालतं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

लेन्स बुबुळावरच बसते आणि डोळ्याबरोबर फिरते. चित्रांच्या आकारातला फरक बराच कमी होतो, कडेने बघतानाचा गोंधळ जातो, चष्म्याच्या फ्रेमबाहेरचं धूसर जग स्पष्ट होतं. अशा लोकांना पहिल्यांदा लेन्स घालून दिली की ते समोरचा तक्ता वाचायच्या आधी खोलीभर बघत बसतात.

इथे एक पण आहे. उजव्या डोळ्याला लहानपणापासून पूर्ण नंबर मिळालाच नसेल तर तो डोळा 'आळशी' राहिलेला असू शकतो. मग लेन्स कितीही चांगली घातली तरी त्या डोळ्याला शेवटची ओळ दिसणार नाही, कारण तिथे कमतरता काचेत नाही, पाहण्याच्या सवयीत आहे. म्हणून पैसे भरायच्या आधी चाचणी लेन्स घालून किती दिसतं ते मोजून घ्या. आणि -7.00 नंबर आहे म्हणजे बाहुली मोठी करून पडद्याची, रेटिनाची, तपासणी झालीच पाहिजे. एवढ्या नंबरच्या डोळ्यांत पडदा ताणलेला, पातळ असू शकतो. लेन्सने किंवा लेसर करून चष्मा गेला तरी पडद्याचा धोका तिथेच राहतो. अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले तर चष्मा असो वा लेन्स, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

नंबरचं आणखी एक. चष्म्याचा नंबर जसाच्या तसा लेन्सला चालत नाही. काच डोळ्याजवळ आली की मायनस नंबर कमी लागतो. साधारण चारच्या पुढे हा फरक धरावाच लागतो. तिच्या -7.00 ला लेन्स -6.50 लागेल, -3.50 ला जवळपास तेवढीच. चष्म्याची चिठ्ठी बघून ऑनलाइन -7.00 ची लेन्स मागवणारे मला दर महिन्याला भेटतात, आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. लेन्सच्या चिठ्ठीवर नंबरखेरीज गोलाई आणि व्यास असे दोन आकडे असतात, 8.4 किंवा 8.6 आणि 14.0 किंवा 14.2 असे काहीतरी. ते बुबुळ मोजून, लेन्स घालून, पापणी मिटल्यावर ती किती हलते हे यंत्राखाली बघून ठरतात. न हलणारी लेन्स चांगली नव्हे, ती घट्ट बसली आहे. तुम्ही सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाच्या असमान गोलाईसाठी लागणारा नंबर, लिहिलेला नाही. तो पाऊण किंवा जास्त असेल तर टॉरिक, म्हणजे सिलिंडर नंबरची, लेन्स लागेल, ती थोडी महाग पडते.

बाकीचे फायदे सगळ्यांना माहीत आहेत. पावसात काच पुसत बसावं लागत नाही, हेल्मेटमध्ये वाफ धरत नाही, बॅडमिंटन खेळता येतं, नाकावर खड्डे पडत नाहीत. दिसण्याचं म्हणाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. मुलीला चष्म्यात स्वतःचे डोळे बारीक दिसतात आणि ते तिला आवडत नाहीत, हे लेन्स घ्यायला पुरेसं कारण आहे.

एक तोटा मात्र कोणी सांगत नाही. मायनसचा चष्मा जवळचं वाचताना डोळ्यांना थोडी सवलत देतो; लेन्समध्ये ती सवलत जाते. चोविसाव्या वर्षी काही जाणवणार नाही. पण चाळिशीत जवळचं अंधूक व्हायला लागतं तेव्हा लेन्सवाल्यांना ते चष्मेवाल्यांच्या आधी जाणवतं. शिवाय चष्मेवाला चष्मा डोक्यावर सरकवून मोबाइल वाचतो, लेन्सवाल्याला ते करता येत नाही.

आता मावशीच्या मुद्द्याकडे येऊ, कारण ती अगदीच चुकीचं बोलत नाहीये.

बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्याला प्राणवायू लागतो तो समोरच्या हवेतून, अश्रूंच्या थरातून मिळतो. डोळे मिटले की पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांतून मिळतो, पण बराच कमी. त्यात वर लेन्स ठेवली म्हणजे अर्ध्या उघड्या खिडकीला पडदा लावण्यासारखं. पहिली मऊ लेन्स 1961 मध्ये प्राग शहरात ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने घरीच, मुलांच्या खेळण्यातल्या यंत्रसंचाचे भाग जोडून फिरवली. तो पदार्थ मऊ होता, पाणी धरणारा होता, पण प्राणवायू मोजकाच जाऊ द्यायचा. जुन्या लेन्स बारा-बारा तास घालणाऱ्यांच्या बुबुळाच्या कडेने बारीक लाल शिरा आत सरकलेल्या मी आजही बघते. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन हायड्रोजेल हा प्राणवायू भरपूर जाऊ देणारा नवा पदार्थ आला आणि जागेपणीचा प्राणवायूचा प्रश्न बराचसा सुटला.

इथे लोक एक उडी मारतात: प्राणवायू भरपूर जातो, मग लेन्स घालून झोपलं तर काय बिघडलं? जंतुसंसर्ग नव्या पदार्थाने फारसा कमी झालेला नाही, हे बिघडलं. दिवसा मऊ लेन्स घालून रात्री काढणाऱ्या 10,000 लोकांत वर्षाला साधारण 2 ते 4 जणांना कॉर्नियाचा गंभीर संसर्ग होतो. घालून झोपणाऱ्यांत तो आकडा 20 च्या आसपास जातो, आणि सिलिकॉन हायड्रोजेल आल्यावरही तो तिथेच राहिला. म्हणजे नीट वापरणाऱ्याचा धोका छोटा आहे, झोपणाऱ्याचा कितीतरी पट मोठा.

हा संसर्ग कसा सुरू होतो ते एका उदाहरणाने सांगते. कोल्हापूरचा एक मुलगा, महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून मुंबईला मुलाखतीला गेला. लेन्स गाडीत काढायला गैरसोय म्हणून तशीच. सकाळी एक डोळा किंचित लाल. चष्मा होता, पण चार वर्षांपूर्वीचा, जुन्या नंबरचा, एक दांडी सुटलेला. तो घालून मुलाखतीला कसं जाणार? म्हणून लाल डोळ्यावर तीच लेन्स दिवसभर. संध्याकाळी डोळा ठणकायला लागला, उजेड सहन होईना. मेडिकलमध्ये सांगितलं 'डोळे आलेत', त्यांनी थेंब दिले, त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली उतरते, माणसाला बरं वाटतं, आणि आत जंतूंना रान मोकळं मिळतं. तिसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा बुबुळावर पांढरट ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मी लगेच कॉर्नियाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दर तासाला, रात्रीसुद्धा, तीव्र औषधाचे थेंब. डोळा वाचला, पण फूल पडलं ते पडलंच.

आता कळलं असेल मी आधी चष्मा का मागते. तुमच्या मुलीसारख्या नंबरची व्यक्ती चष्म्याशिवाय धड रस्ता ओलांडू शकत नाही. लेन्स लागली की चष्मा बदलणं मागे पडतं. मग डोळा लाल झाला तरी लेन्स काढता येत नाही, कारण काढली तर दिसणार कसं? माझ्या पाहण्यातल्या बहुतेक बिघडलेल्या डोळ्यांची सुरुवात अशी आहे. लेन्स कंपनी कुठली, किती महाग, याने इतका फरक पडत नाही.

त्यामुळे तिच्यासाठी नियम एकच ठेवा: डोळा लाल, दुखरा किंवा अंधुक वाटला की लेन्स बाहेर, चष्मा डोळ्यावर. लेन्स काढल्यावर तासाभरात त्रास कमी झाला नाही, किंवा वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टर. साथीत डोळे येतात तेव्हा बहुधा दोन्ही येतात, चिपडं येतात, खुपल्यासारखं होतं. एकच डोळा, ठणका आणि उजेडाचा त्रास असेल तर लेन्सवाल्याने 'डोळे आलेत' हे निदान घरच्या घरी करू नये. काढलेली लेन्स आणि डबी फेकू नका, बरोबर आणा. त्यातून जंतू कोणता ते कधी कधी सापडतं.

दुसरा शत्रू पाणी. नळाचं, बोअरचं, टाकीचं, फिल्टरचंसुद्धा. पाण्यात अकांथअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. तो कवच करून बसला की क्लोरीनलाही दाद देत नाही, आणि कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. आपल्याकडे हा संसर्ग लेन्सपेक्षा डोळ्याला मार लागून किंवा घाण पाणी जाऊन जास्त होतो, हे खरं. पण म्हणून लेन्स नळाखाली धुवायची परवानगी मिळत नाही. अंघोळ आधी, लेन्स नंतर. पोहायला आणि पावसाळ्यात धबधब्याखाली जाताना लेन्स नको. डबीही पाण्याने धुवायची नाही. सोल्यूशनने, म्हणजे लेन्स निर्जंतुक करण्याच्या द्रवाने, विसळायची, स्वच्छ टिश्यूवर उपडी घालून वाळवायची आणि तीन महिन्यांनी बदलायची.

घालायची रीत पहिल्या दिवशी शिकवतात, पण चार गोष्टी नेमक्या विसरल्या जातात. साबणाने हात धुऊन ते कोरडे करायचे. ओल्या बोटाला लेन्स चिकटून बसते, शिवाय ते नळाचंच पाणी. लेन्स बोटाच्या टोकावर उभी ठेवून बाजूने बघायची: वाटीसारखी सरळ वर आली तर सुलटी, कडा परातीसारख्या बाहेर फाकल्या तर उलटी. उलटी घातली तरी इजा होत नाही, पण दिवसभर टोचत राहते. रोज उजव्या डोळ्यापासूनच सुरुवात करायची, नाहीतर तुमच्या मुलीच्या बाबतीत -6.50 डाव्यात आणि -3.50 उजव्यात जाऊन सकाळ वाया. आणि मिरच्या चिरल्या असतील तर त्या दिवशी लेन्स काढायला साबणाने धुतलेले हातही उपयोगाचे नाहीत, तेव्हा लेन्स घालायची असेल त्या दिवशी मिरच्या दुसऱ्याला चिरू द्या. लेन्स डोळ्याच्या मागे जाऊन हरवत नाही. पापणीच्या आतली त्वचा वळून डोळ्याच्या गोळ्याला जोडलेली असते, मागे वाटच नाही. फार तर वरच्या पापणीखाली दुमडून बसते. थेंब घालून, खाली बघून, पापणी हलके चोळली की खाली येते. गॅससमोर लेन्स वितळते ही तर निव्वळ भीती.

स्क्रीनचं काय? एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर ते निम्म्याहून खाली येतं. लेन्स अश्रूंच्या थरावर तरंगते, तो थर एसीत सुकला की दुपारी चारनंतर डोळे जड, धूसर. नऊ-दहा तास ऑफिस आणि वर दीड तास हिंजवडीची वाहतूक कोंडी, म्हणजे बारा तास लेन्स. हे जास्त आहे. आठ ते दहा तासांवर थांबावं, जमेल तेव्हा संध्याकाळी ऑफिसातच लेन्स काढून चष्म्यावर घरी यावं. लेन्स घातलेली असताना चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब पर्समध्ये ठेवावेत. डोळे थंडगार करणारे, चुरचुरणारे थेंब लेन्सवर घालू नयेत. स्कूटरवर हेल्मेटची काच खाली, किंवा साधा गॉगल. लेन्सखाली धुळीचा कण गेला तर डोळा चोळला की तो कण बुबुळावर ओरखडे काढतो. गाडी बाजूला घेऊन लेन्स काढणं हाच उपाय, म्हणून डबी आणि चष्मा पर्समध्ये हवाच.

रोजच्या की महिन्याच्या, या प्रश्नावर माझं मत एकतर्फी आहे: परवडत असेल तर रोज फेकायच्या. डबी नाही, सोल्यूशन नाही, साठलेला थर नाही. खर्चाचं गणित असं: 30 लेन्सचा एक डबा एका डोळ्याला महिनाभर. तिचे दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे, म्हणजे महिन्याला दोन डबे, वर्षाला 24. रोज वापरली तर महिन्याच्या लेन्सपेक्षा बरंच महाग पडतं. पण ती आठवड्यातून दोन-तीनदाच वापरणार असेल तर चित्र बदलतं. महिन्याच्या लेन्सचे तीस दिवस पाकीट फोडल्यापासून मोजतात, घातल्याचे दिवस मोजत नाहीत. महिन्यात सहा वेळाच घातली म्हणून ती पाच महिने पुरत नाही. मग रोजची लेन्स खिशालाही जड जात नाही. रोजची लेन्स सोल्यूशनमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी वापरणं मात्र कंजुषीतलं सर्वात वाईट. ती तेवढ्यासाठी बनवलेलीच नाही.

महिन्याची घेतली तर सोल्यूशन रोज पूर्ण ओतून नवीन. कालच्या उरलेल्यात थोडी भर घालणारे खूप असतात. 2006 मध्ये एका मोठ्या ब्रँडचं सोल्यूशन जगभरातून परत मागवावं लागलं होतं, कारण ते वापरणाऱ्यांच्या डोळ्यांत फ्युझेरियम बुरशी सापडत होती. जुन्या सोल्यूशनमध्ये भर घालण्याची सवय हे त्यातलं एक कारण मानलं गेलं. लेन्स तळहातावर बोटाने चोळायची, बाटलीवर 'नो रब' छापलेलं असलं तरी. आणि सलाईन म्हणजे सोल्यूशन नव्हे. सलाईनने लेन्स ओली राहते, निर्जंतुक होत नाही.

कोणाला मी लेन्स नको म्हणते? ज्यांना डोळ्यांची अ‍ॅलर्जी आहे आणि सारखे डोळे चोळतात, ज्यांना वरचेवर रांजणवाडी होते, ज्यांचे डोळे मुळातच कोरडे आहेत, त्यांनी आधी ते बरं करून घ्यावं. डोळे चोळणाऱ्या तरुणांचा नंबर, त्यातही सिलिंडर, सारखा वाढत असेल तर बुबुळाचा नकाशा काढून केराटोकोनस, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याचा आजार, नाही ना ते बघावं. तो निघाला तर गोष्ट उलटी होते: तिथे चष्म्याने नीट दिसतच नाही, आणि कडक किंवा स्क्लेरल (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी) लेन्स ही हौस न राहता गरज होते.

मैत्रिणींच्या 'कायमचा विसर' वर एवढंच. पुढे लेसरचा विचार असेल तर तपासणीच्या आधी मऊ लेन्स आठवडा-दोन आठवडे बंद ठेवावी लागते, कारण लेन्सने बुबुळाचा आकार किंचित बदललेला असतो. तेवढे दिवस चष्माच.

लग्नाचं तुम्ही लिहिलं नाही, पण या वयाच्या मुलींच्या आयांना मी न विचारता सांगते. लेन्स मेकअपच्या आधी घालायची, आणि मेकअप उतरवायच्या आधी काढायची. पार्लरमध्ये 'नवरीसाठी' म्हणून रंगीत लेन्स घालतात, त्या आधी कोणाच्या डोळ्यांत होत्या ते विचारा. बिननंबरची असली तरी ती बुबुळावरच बसते, तिला माप आणि स्वच्छता दोन्ही लागतं. होमाच्या धुरात डोळे चुरचुरले तर उपरण्याने किंवा पदराने डोळे टिपू नयेत. रंगपंचमीला मात्र लेन्स घरी. मऊ लेन्स रंग शोषते आणि तो बुबुळावर धरून ठेवते.

चाचणीसाठी शनिवारी सकाळी न्या, गर्दीत शिकवणी घाईची होते. तिला स्वतःच्या हाताने तीन वेळा घालता-काढता आल्याशिवाय लेन्स घरी आणू नका. पहिले दोन दिवस चार-चार तास, मग रोज एक-दोन तास वाढवत न्यायचे. आठवड्याने तपासणीला बोलावतील, तेव्हा लेन्स घालूनच जायचं, निदान तीन-चार तास आधी घातलेली. दिवसभरात ती बुबुळावर कशी बसते, किती हलते हे त्याशिवाय बघता येत नाही. आणि नवा चष्मा त्याच दिवशी बरोबर न्यायचा, त्याचाही नंबर तपासून घ्यायचा.